खुळखुळणारी बंदूक

पत्र्याच्या बंदुकीला बंदूक म्हणायलाच ओटोमार केल तयार नव्हता. जर्मनीतल्या सूल गावात त्याच्या आज्यापासून सगळ्यांनी पोलादाचा ठोकळा कोरून, कानस मारून बंदुका घडवल्या. आता म्हणे पत्रा दाबा, जोडा, की झालं! शिवाय हलवली की खुळखुळायची.

"हा काय खुळखुळा आहे?" तो तरुण इंजिनिअर श्ट्रोबेलवर खेकसला.

"केलकाका, मुद्दाम सैल ठेवलीय. चिखल, बर्फ आत गेला तरी चालली पाहिजे. कृपा करा, कानस लांब ठेवा."

ओटोमारने मान डोलावली. कालचं पोर मला अक्कल शिकवतंय, असं मनात म्हणाला.

रशियाच्या आघाडीवर चाचणीसाठी पहिल्या बंदुका निघाल्या. त्या न्यायला त्याचा एकुलता एक मुलगा, फौजेतला आर्वेडच आला, मग काय विचारता! बापाने एक बंदूक बाजूला काढली. आतला सरकता भाग जरा जाड घेऊन असा घासून बसवला, की मध्ये केससुद्धा जाऊ नये.

"आवाजच नाही, बाबा!"

"मग! केलचा मुलगा खुळखुळा घेऊन लढणार होय?"

आर्वेडच्या आईने, मेटाने, नवऱ्याचं हे कौतुक गल्लीभर सांगितलं.

आर्वेड त्याच हिवाळ्यात लढाईत गेला. वसंतात त्याचा सोबती लुट्झ भेटायला आला, एक बाही रिकामी. मेटाने त्याच्यापुढे जवाची कॉफी ठेवली आणि विचारलं, "फार हाल झाले का रे त्याचे?"

लुट्झने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "थंडी मरणाची होती, काकू. रशियन अंगावर आले तेव्हा आमच्या सगळ्यांच्या बंदुका चालल्या. आर्वेडची तेवढी आतून गोठून बसली. ओढत होता, लाथा घालत होता, हलेचना. कुणा शहाण्याने इतकी घट्ट बसवली होती कोण जाणे. हात झडोत मेल्याचे!"

आपल्या लेकराला आपणच मारलं, हे ओटोमारला लख्ख कळलं, आणि पळायला जागा नव्हती.

मेटा त्याच्याकडे बघत होती. आवाज न चढवता तिने विचारलं, "सैल ठेवायची, असं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का हो?"

नव्हतं म्हणाला असता, तर तिने विश्वास ठेवला असता.

"सांगितलं होतं," तो म्हणाला.