स्वच्छ जागेचा फोटो

मित्रांनो, माझ्या भिंगांवर आता बुरशी चढली आहे आणि मला लोखंडी कपाटात ठेवून बरीच वर्षे झाली. मी प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक. तोक्योत माझी भिंगे घासली गेली आणि मला होक्काइदोतल्या एका कोळशाच्या गावी आणले. तिथे कोळशाची भुकटी तेलात कालवून, हायड्रोजनच्या दाबाखाली तापवून तिचे इंधनतेल करण्याचा प्रयोग चालू होता. सगळा कोळसा विरघळत नसे. जो उरे, त्याचे तुकडे माझ्याखाली येत.

ते तुकडे घासून आरशासारखे करण्याचे काम मिनेगिशी चिएकोबाईंचे. घासून घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. नमुने आणून देणारा शिमोदे भट्टीवरचा कामगार. खिशात भाजलेला बटाटा घेऊन यायचा, अर्धा बाईंना द्यायचा आणि विचारायचा, "काय म्हणतोय आज माझ्या भट्टीचा कचरा?"

एका जानेवारीत भट्टीच्या तळच्या नळीतला तुकडा आला आणि त्यात निळेपिवळे कण चमकले. हायड्रोजन कमी पडला की कार्बनचे असे गोल थेंब बनतात, एकमेकांत मिसळतात आणि दगडासारखे घट्ट होतात. नळी तुंबायला लागली होती. भट्टी थांबवावी, असा अहवाल बाईंनी त्याच दिवशी लिहिला.

प्रयोगाचे प्रमुख ओगासावारासाहेब स्वतः आले. डोळा लावून बराच वेळ पाहत राहिले. पुढच्या आठवड्यात तोक्योहून मोठे पाहुणे यायचे होते.

"याच नमुन्यात एखादी स्वच्छ जागा असेलच ना?"

"आहे. पण थोडीशीच."

"तिचा फोटो काढा. आणि अहवाल नवा लिहा."

बाईंनी नमुना स्वच्छ जागेवर सरकवला. फोटो फार छान आला, अहवालही नवा झाला आणि भट्टी चालू राहिली. साहेबांनी माझ्या भिंगांचे कौतुक केले.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी नळी पुरती तुंबली. ती मोकळी करायला शिमोदेला पाठवले. आतला उकळता काला त्याच्या अंगावर फुटला. तो चौथ्या दिवशी गेला. चौकशीत तोच फोटो पुढे ठेवला गेला. नळी स्वच्छ होती, कामगाराने झडप चुकीची उघडली, असे ठरले.

मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपल्यावर शिमोदेची बायको फुमिए आली. बाई रंगीत काहीतरी बघत असतात, असे तो घरी सांगायचा. ते एकदा बघायचे होते तिला. बाईंनी तोच नमुना ठेवला, आणि या वेळी निळ्यापिवळ्या कणांची खरी जागा लावली. फुमिए कितीतरी वेळ वाकून राहिली.

"किती सुंदर आहे हो हे," ती म्हणाली. "यांनी पाहिलं होतं का कधी?"

"नाही."

मग नवऱ्याच्या चुकीमुळे सगळ्यांना त्रास झाला म्हणून फुमिएने कमरेत वाकून माफी मागितली. बाईही तितक्याच वाकल्या, आणि ती माफी त्यांनी स्वीकारली.

त्यानंतर बाईंनी मला हात लावला नाही. प्रयोग बंद पडला, मी कपाटात गेलो.

मित्रांनो, माझ्यासारख्याला पुसत जा, ओल लागू देऊ नका. आणि नमुना पाहिलात तर सगळा पाहा. मला तोंड नाही. मी दाखवलेले तुम्हीच सांगायचे असते.