ठकीचे पाच गुण

उंदरांचीही परीक्षा असते, असं बाहेर कुणाला सांगितलं तर तो आपल्याला वेड्यात काढेल. पण असते. दर गुरुवारी दुपारी सहा उंदरांना एकेक करून काचेच्या पेटीत ठेवायचं, वायूची भूल द्यायची, मेंदूची चित्रं काढायची, आणि जागे झाले की स्वच्छ पिंजऱ्यात सोडून शेजारी कापसाची एक चौकोनी वडी ठेवायची. धडधाकट उंदीर रात्रीतून ती वडी कुरतडून तिचं घरटं करतो. ज्याला भूल बाधली, तो वडीकडे ढुंकूनही बघत नाही. शुक्रवारी नऊ वाजता एक शिकाऊ पोरगी येते आणि घरट्याला एक ते पाच गुण देते. पाच म्हणजे वर छप्पर असलेलं घरटं. या हिशेबानं आपल्यातल्या कित्येकांना तीनसुद्धा मिळायचे नाहीत, पण तो विषय वेगळा.

प्रयोगशाळेतल्या या उंदरांच्या खोलीची झाडलोट, पिंजरे, पाण्याच्या बाटल्या हे सगळं मावशींकडे होतं. मोठे साहेबसुद्धा त्यांना मावशीच म्हणत, आणि साहेब त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे होते. मावशींनी ते बावीस वर्षं चालवून घेतलं होतं.

खोलीच्या भिंतीवर एक कागद होता: ‘तीनपेक्षा कमी गुण – बाद’. बाद म्हणजे काय, हे मावशींना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या इमारतीत मोडकी खुर्ची बाद व्हायची, गंजलेलं कपाट बाद व्हायचं. लाल रंगानं ‘बाद’ लिहिलं की वस्तू मागच्या अंगणात जायची आणि शनिवारी भट्टीत. बाद झालेलं काही परत आलेलं मावशींनी कधी पाहिलं नव्हतं.

सहांतली एक मादी होती, कानाला खाच असलेली. मावशी तिला ठकी म्हणायच्या. दुसऱ्या भुलीनंतरच्या शुक्रवारी सात वाजता मावशी आल्या, तर वडी जशीच्या तशी आणि ठकी कोपऱ्यात पाठ फुगवून बसलेली. डोळे बारीक, कान मागे पडलेले. नऊ वाजायला दोन तास होते.

मावशींचे वडील गाद्या भरायचे. कापूस पिंजणं म्हणजे मावशींच्या हातचा मळ. त्यांनी दार लोटलं, वडी मोकळी केली, गोल घरटं वळलं, वर छप्पर केलं आणि ठकीला अलगद आत सरकवलं. मग बाटल्या धूत उभ्या राहिल्या, जशा काही त्या गावच्याच नाहीत.

“वा, पाच,” नऊ वाजता पोरगी म्हणाली.

मग दर शुक्रवारी पाच. बाकीच्यांचे गुण हळूहळू उतरत गेले. चौथ्या भुलीनंतर दोन उंदीर बाद झाले, पोरगी त्यांना डब्यात घालून घेऊन गेली, आणि मावशी मोरीपाशी नळ सोडून रडल्या. सगळ्यांना कुठे पुरणार होते त्यांचे दोन हात? निदान ठकी तरी वाचली होती.

प्रयोग खरं तर चार भुलींचाच होता. पण साहेबांनी ठकीचा आलेख पाहिला आणि ते हरखून गेले. साहेब उंटावरून शेळ्या हाकणारे, उंदरांच्या खोलीत वर्षातून दोनदा यायचे. पाहुण्यांना पडद्यावर ठकीची सरळ रेघ दाखवून ते म्हणाले, या मादीला भूल बाधतच नाही, हिला दहा वेळा देऊन बघू. खोलीची निगा उत्तम म्हणून मावशींना प्रशस्तिपत्र मिळालं. नवऱ्यानं ते भिंतीवर लावलं आणि म्हणाला, “उंदरांच्या कृपेनं का होईना, घरात एक चौकट तरी लागली.”

सातव्या भुलीनंतर पाच गुण लिहिता लिहिता पोरगी उसासली. “बिचारी. एकदा जरी दोन गुण पडले असते ना मावशी, तर सुटली असती.”

“सुटली असती म्हणजे गेलीच असती की.”

“कुठे?”

“भट्टीत.”

पोरगीचं पेन थांबलं. “अहो, बाद म्हणजे भुलीतून बाद. पुन्हा भूल नाही. या, दाखवते.”

पलीकडच्या खोलीत एक मोठा पिंजरा होता. भरपूर भुसा, फिरायला चाक. ते दोन बाद उंदीर तिथे चांगले गुबगुबीत झाले होते. एक चाकावर पळत होता, दुसरा उताणा झोपला होता. मावशींना आधी आनंद झाला, आणि मग त्यांनी बोटांवर भुली मोजल्या. करायला गेले काय आणि झालं काय. ठकीला त्या पेटीत पाच वेळा जादा ढकललं होतं ते साहेबांनी नाही, मावशींच्याच प्रेमळ हातांनी.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं.

“तुझ्या गुडघ्यासारखंच झालं की हे,” तो म्हणाला.

ते खरंच होतं. नोकरीतल्या गेल्या तपासणीला मावशी दुखणं दाबायच्या दोन गोळ्या खाऊन गेल्या होत्या, डॉक्टरसमोर हसत उठल्या-बसल्या होत्या. त्यानं ‘ठणठणीत’ लिहिलं, आणि पुढच्या महिन्यात वरचा मजलाही त्यांच्याच गळ्यात पडला.

“मग साहेबांना सांगून टाक.”

“सांगून काय? माझी नोकरी जाईल ती जाईल, त्या पोरीचं दोन महिन्यांचं कामही पाण्यात.”

आठवा गुरुवार गेला. शुक्रवारी सात वाजता वडी अख्खी होती आणि तिच्याशेजारी ठकी थरथरत होती. मावशींनी स्टूल ओढलं, बसल्या, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. ठकीनं एकदा मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, मावशी येतात आणि ऊब येते एवढंच तिला माहीत. “नको बघूस बाई,” मावशी म्हणाल्या. इतके जड दोन तास त्यांनी बाळंतपणातही काढले नव्हते.

नऊ वाजता पोरगीनं पिंजरा उचलला, पुन्हा पुन्हा पाहिला आणि लिहिलं: एक. बाद.

मग धावपळ झाली. साहेब स्वतः खाली आले. सात आठवडे सरळ असलेली रेघ एका रात्रीत कोसळते म्हणजे काय? तापमान पाहिलं, भुसा हुंगला, पाणी तपासलं. सगळं ठीक निघालं, म्हणजे चूक माणसाचीच. दुपारी मावशींच्या हातात लखोटा पडला: निगराणीत हलगर्जीपणा झाल्याचं दिसतं, सदर सकाळी आपण काय केलं त्याचा लेखी खुलासा करावा.

मावशी कागद घेऊन पलीकडच्या खोलीत गेल्या. ठकी भुशात नाकापर्यंत शिरली होती, आणि तो उताणा झोपणारा तिला टेकून पडला होता. मावशींनी पिंजऱ्याच्या झाकणावर कागद ठेवला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांना अक्षरशः खरं लिहून दिलं.

‘सदर सकाळी मी काहीही केलं नाही.’