राकानचं पोट आणि काकांची परात

ऐक ना, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. आमच्या करक गावची नौफा माहितीय ना, ती आहारशास्त्र शिकलेली? तिचं लग्न मोडलं. आणि कशावरून? पोटावरून! हसू नकोस ग, ऐक.

मुलगा राकान. तिच्याच विद्यापीठात, ग्रंथालयात कामाला. उंच, देखणा, पण तोंड कायम कच्चं लिंबू चोखल्यासारखं. कारण पोट. आता आमच्याकडे दर दुसऱ्या माणसाला 'कोलोन' असतं, म्हणजे चिडकं आतडं. पण पुरुषमाणूस जीव गेला तरी कबूल करणार नाही. राकाननंही केलं नसतं. पण एकदा पुस्तक देता देता तो तिच्यासमोरच वाकला, घामाघूम झाला.

नौफा म्हणाली, "सकाळी काय खाल्लंत?"

"काही नाही. कॉफी. आणि सिगारेट."

"मग पोटानं काय करायचं, नाचायचं?"

तिथून सुरू झालं बघ. फोनवर, चोरून. नौफाला बाप नाही, काका अबू शबीब हेच घरचे कर्ते. त्यांना कळतं तर तंगडं मोडून हातात दिलं असतं. आणि ही दोघं फोनवर बोलायची काय? प्रेमाचं? छे!

"आज पोट साफ झालं?"

"झालं."

"जवाची भाकरी खाल्लीस?"

"खाल्ली."

"चावून?"

"अग हो, मेंढीसारखा रवंथ करत बसलो होतो. लोक बघत होते."

हेच त्यांचं प्रेम, बाई! ती घरी दूध विरजायची, चांगलं आंबट होऊ द्यायची आणि बरणी ग्रंथालयाच्या खिडकीत ठेवून यायची. कोला बंद, रात्री उशिरा चरबीचं खाणं बंद, जेवलं की किल्ल्याभोवती चक्कर. थंडीत धरलेलं पथ्य, जर्दाळू पिकेपर्यंत गडी माणसात आला. गाल भरले. हसायला लागला. म्हणाला, "आता घरच्यांना घेऊन येतो मागणी घालायला."

आले ना, शुक्रवारी! मोठमोठी माणसं, डोक्याला लाल रुमाल. रिवाजाप्रमाणे त्यांच्या म्होरक्यानं कॉफीचा पेला तसाच खाली ठेवला. मागणं मान्य झाल्याशिवाय प्यायची नाही. अबू शबीब म्हणाले, "घ्या, प्या. मुलगी तुमची." प्याले! इकडे बायकांनी आनंदाच्या आरोळ्या दिल्या. नौफाचे पाय जमिनीला लागेनात.

आता राहिलं जेवण. आणि जेवण म्हणजे मन्सफ. भाताचा डोंगर, त्यावर मेंढीचं मांस, त्यावर दह्याचा रस्सा आणि वरून तुपाची धार. परात बाहेर जायच्या आधी काका स्वयंपाकघरात आले. नौफाला कोपऱ्यात घेतलं. हळू आवाजात म्हणाले, "पोरी, पोराच्या पोटाबद्दल काही कानावर आलंय. असलं काही तर आत्ता सांग. त्याच्यापुढे नुसती भाकरी आणि रस्सा सरकवतो, कुणाला कळणार नाही."

बघ हं, विचारलं होतं त्यांनी! पण सांगावं तर पुढचा प्रश्न काय? तुला कसं ठाऊक?

ती म्हणाली, "मला काय माहीत, काका? मी तर त्यांना आजच बघतेय."

काकांनी तिच्याकडे एकदा बघितलं. "बरं," म्हणाले आणि परात उचलली.

सगळे उभे राहून जेवायला लागले, डावा हात पाठीशी, उजव्यानं भाताचे गोळे. पडद्याच्या फटीतून नौफाला दिसत होतं, राकान कडेकडेचा भात तेवढा चिवडतोय. काकांनी चरबीचा थरथरता लचका तोडून त्याच्यापुढे टाकला.

"खा रे! पाखरासारखं काय टिपतोस?"

"खातोय, काका."

"का? आमची मेंढी आवडली नाही?"

सगळ्यांचे हात थांबले. राकाननं पडद्याकडे बघितलं. पोटाचं खरं सांगावं तर पथ्य कुणी लावलं हे निघणार आणि तिचं बिंग फुटणार. त्यानं लचका तोंडात घातला. काकांनी दुसरा टाकला. मग तिसरा. "सहतैन!" म्हणाले. दुप्पट आरोग्य लाभो!

मग राकानचा पाठीमागचा हात पोटावर आला. रंग उडाला. वडीलधारी परातीवर असताना तो मागे फिरला, धावला, आणि संडास कुठे तर बायकांच्या खोलीला लागून! सगळं ऐकू आलं ग. सगळं. नौफाचा चुलतभाऊ ओरडला, "वाट सोडा, वरात निघाली!" पोरं खिदळली. राकानचा बाप लालेलाल. "माझ्या पोराला काय घातलंत खायला?" तर इकडून कुणीतरी, "घास पचत नाही, संसार काय पचवणार?" झालं! शब्दाला शब्द लागला. कॉफी प्यायलेली माणसं सलाम न करता निघून गेली.

राकाननं जाताना पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. नंतर तिनं फोन केले. उचलत नाही.

आणि आता हे ऐक. संध्याकाळी ती परात घासायला आत गेली तर काका ओट्याशी उभे, पोट दाबून. खिशातून गोळी काढली, जिभेवर ठेवली आणि तिनं राकानसाठी विरजलेल्या बरणीला तोंड लावलं. घटाघट.

"तुम्हालापण?" ती म्हणाली.

"माझा शबीब जन्मला तेव्हापासून. मन्सफच्या आधी एक गोळी, नंतर एक." मिशी पुसली. "म्हणून तर विचारायला आलो होतो ना तुला. कसं कळलं, ते काही विचारणार नव्हतो." दाराशी जाऊन परत वळले. "आणि हे कुणाला सांगू नकोस."

रिकामी बरणी तिच्या हातात. तळाला पुढच्या विरजणापुरतं राहिलं होतं. तिनं तेही धुऊन टाकलं.

सांग ना, तू असतीस तर त्या कोपऱ्यात काकांना काय म्हणाली असतीस?