मागच्या दारानं

"काहीतरी बोल," लढती भरवणारा टेरी ग्रिफिन ओठ न हलवता कॅरिसला म्हणाला. "काहीही बोल, पण बोल."

उद्याच्या बॉक्सिंगच्या लढतीआधीची वजनं होऊन गेली होती. रग्बी क्लबच्या बारमध्ये दोघी मुली समोरासमोर, नाकाला नाक लावून उभ्या होत्या आणि भोवती चाळीसएक फोन वर धरलेले होते. एकीकडे जोडी ट्रहर्न नावाची स्वॉन्झीची पोर: तेवीस वर्षांची, केस गुलाबी, फोनवर साठ हजार चाहते. दुसरीकडे कॅरिस प्रॉसर: तेहतीस वर्षांची, पोस्टात टपाल वाटणारी, तिकिटं खपवून खपवून खपली छत्तीस, तीही ज्यांच्या दारात रोज पत्रं टाकते त्यांनी भिडेखातर घेतलेली.

"काय गं काकू," जोडी म्हणाली, "माझं पार्सल आणलंस का?"

कॅरिसनं जरा विचार केला. "पार्सलं माझ्याकडे नसतात," ती म्हणाली. "त्यांची गाडी वेगळी येते."

बार खदाखदा हसला. टेरीनं कपाळाला हात लावला. त्यानं आठवड्याभरापूर्वीच बजावलं होतं, जागा भरल्या नाहीत तर ही लढत कार्यक्रमातून काढणार. आणि ही लढत गेली की वेल्सच्या अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठी कार्डिफला कोण जायचं ते जोडी आणि दुसरीच कुणीतरी ठरवणार. तेहतिसाव्या वर्षी पुन्हा कोण विचारतंय?

मागे खुर्चीत कॅरिसची आई बसली होती, मांडीवर पोरीचा कोट घेऊन. ग्लेनिस प्रॉसर. शाळेच्या स्वयंपाकघरात पस्तीस वर्षं वाढपी म्हणून घालवलेली बाई. पोरीला हसलेलं तिला सोसलं नाही. ती उठली.

"ए रंगीत," ती जोडीला म्हणाली, "माझी पोर रोज सहाशे दारं बघते. पण रंगाचे इतके हात मारलेला दरवाजा तिनंही पाहिला नसेल. वरचा रंग खरवडला तर आत लाकूड आहे का, की नुसतीच पोकळी?"

फोन गर्रकन तिच्याकडे वळले.

"आजीबाई, तुम्ही बसा," जोडी म्हणाली.

"बसते ना. पस्तीस वर्षं तुझ्यासारख्या तोंडाळ पोरांना बटाटे वाढलेत मी. सगळी निमूट रांगेत उभी राहायची. उद्या तुलाही वाढणार आहोत. पुरे म्हणेपर्यंत वाढू."

दुपारी चारपर्यंत सगळ्या वेल्समध्ये लोक 'पुरे म्हणेपर्यंत' म्हणत हसत होते. सहाला टेरीचा फोन आला: एक तिकीट उरलं नव्हतं.

ग्लेनिसनं फोन ठेवला आणि चहाचं आधण चढवलं. तिला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. खाटकानं दुकानातून बाहेर येऊन हात मिळवला होता. जन्मभर ज्या जिभेपायी दीर-जावा तुटल्या, ती जीभ एकदाची कामाला आली होती.

कॅरिस जेवणाच्या टेबलाशी बुटांच्या नाड्या ओवत बसली होती. "आई," ती म्हणाली, "उद्या गप्प बसशील?"

"मी गप्प बसले असते तर उद्या नसताच तुला."

"माहितेय."

"मग आभार मान."

"आभार मानते. पण उद्या तू बघायला हवीस. नुसतं बघायला." नाडी भोकातून जाईना, तिनं टोक ओठांनी ओलं केलं. "बाबा नाहीत. बाकी कुणाला काय कळतं? त्यांना वाटतं मी नुसती नाचते. उद्या मी ते करणार आहे. ती उजवं कोपर वर ठेवते. मी महिनाभर तिच्या लढती बघतेय."

'ते' म्हणजे काय, हे त्या घरात सांगायची गरज नव्हती. इड्रिस प्रॉसरनं कामगार क्लबाच्या माडीवर पोरीला नऊ वर्षांची असल्यापासून घोटवलेला डाव. पुढच्या दारावर टकटक करायची आणि मागच्या दारानं आत शिरायचं, असं तो सांगायचा. डोळे समोरचीच्या तोंडावर, उजवा खांदा तोंडाकडे, आणि ती तोंड झाकायला गेली की डावा हात खालून, कोपराखालून, थेट यकृतावर. माडीवर हजारदा जमलेला. रिंगमध्ये मात्र एकदाही पुरता लागला नव्हता. तो लागायची वाट बघत असतानाच इड्रिस गेला, त्याला सहा वर्षं झाली.

"बघीन," ग्लेनिस म्हणाली. "दुसरं काय करायला येतेय मी?"

शनिवारी सात वाजता हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लोकांनी ग्लेनिसला हातोहात पहिल्या रांगेत नेलं. दोन बायांनी तिच्या गळ्यात पडून फोटो काढले. पोरीच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा टाळ्या झाल्या. आईच्या नावाचा झाला तेव्हा छत हललं. ग्लेनिसनं हात हलवला. त्यात काय वाईट होतं?

पहिल्या तीन राउंडमध्ये कॅरिसनं जे केलं ते बघायला इड्रिस हवा होता. जोडीचे ठोसे येत होते, पण ते पोचेपर्यंत कॅरिस तिथे नसायची. एक बोटभर मागे, एक बोटभर बाजूला. ग्लेनिसचे डोळे पाण्यानं भरले. मागचा एक माणूस जांभई देत म्हणाला, "मारा की एकमेकींना."

चौथ्यात जोडीनं हात खाली सोडून जीभ काढून दाखवली. लोक खूश. आणि मग ते सुरू झालं: "ग्लेनिस! ग्लेनिस!" पाय आपटत, सगळा हॉल. टेरी वाकून तिच्या खुर्चीपाशी आला, हातात माइक, मागे लढत फोनवर दाखवणारा एकुलता एक कॅमेरा.

"एकच वाक्य, ग्लेनिस. लोक मागतायत."

"लढत चालू आहे, टेरी."

"म्हणूनच तर. एकच."

आता सांगायला काय जातंय की टेरीनं तिला फशी पाडलं. पण वाक्य तिच्याकडे तयार होतं, सकाळपासून. ती कॅमेऱ्याकडे वळली.

"जीभ आत घे गं पोरी," ती माइकमध्ये म्हणाली, "अजून वाढलेलं नाही."

हॉल हसला. आणि त्या हसण्याच्या मध्येच तिच्या पाठीमागे एक आवाज झाला, मोठा नाही, ओली पिशवी जमिनीवर ठेवावी तसा. ती वळली तेव्हा जोडी गुडघ्यावर होती, कोपर बरगड्यांशी दाबलेलं, तोंड उघडं आणि श्वास नाही. पंच आकडे मोजत होता. कॅरिस कोपऱ्यात उभी होती आणि जोडीकडे नव्हे, पंचाकडेही नव्हे, पहिल्या रांगेकडे बघत होती.

आकडे दहापर्यंत गेले.

कपडे बदलायची खोली रग्बीवाल्यांची. भिंतीला चिखलाचा वास. कॅरिस बाकावर बसली होती, हातांच्या पट्ट्या अजून तशाच.

"बघितलंस?"

"बघितलं की. जिंकलीस."

"तसं नाही. पायाचं बघितलंस? बाबा म्हणायचे डावा पाय आधी बाहेर पडू दे. पडला का? मला नाही कळत, मी आत असते."

ग्लेनिसनं तोंड उघडलं. साठ वर्षांत त्या तोंडानं तिला कधी रिकाम्या हातानं पाठवलं नव्हतं. 'पडला' म्हटलं असतं तर पोर सुखानं झोपली असती.

"नाही पाहिलं गं," ती म्हणाली. "त्या मेल्या कॅमेऱ्याकडे बघत होते."

कॅरिसनं मान हलवली. मग दातांनी पट्टीचं टोक धरून ती सोडवायला लागली. "रेकॉर्डिंग असेल," ती म्हणाली.

"कॅमेराही माझ्याकडेच होता. सगळ्यांचे फोनही."

दार ढकलून टेरी आत आला, तोंडभर हसू. "कार्डिफवाल्यांचा फोन! पट्ट्याची लढत पक्की. फक्त ग्लेनिस हवी म्हणतायत. वजनाला, पत्रकारांसमोर, सगळीकडे. पोस्टरवर दोघी टाकू, ग्लेनिस पुढे, तू जरा मागे." तो थांबला. "काय झालं? जिंकलात ना?"

"टेरी, बाहेर हो," ग्लेनिस म्हणाली.

"त्यांना आत्ता एक वाक्य…"

"बाहेर."

तो गेला आणि त्याच दारातून जोडी आली, बर्फाची पिशवी बरगडीशी धरून. तोंडावरचा रंग घामानं उतरला होता. खाली शाळकरी पोरीसारखा चेहरा निघाला होता.

"तुझे डोळे माझ्या तोंडावर होते," ती कॅरिसला म्हणाली. "शेवटपर्यंत. मग हात आला कुठून?"

कॅरिसनं वर पाहिलं. "माझा पाय दिसला तुला? डावा?"

"बाहेर पडला. मला वाटलं तू निसटतेयस."

"आधी? का हाताबरोबर?"

"आधी. नक्की आधी. मला शिकव ना."

कॅरिस उठली. पट्टी लोंबत होती. पोस्टात, घरात, वजनाच्या दिवशी, कुठे जिला दोन शब्द जोडता येत नसत, ती बोलायला लागली: खांदा असा, नजर अशी, घाई नाही, मन तोंडावरच ठेवायचं, तुझं स्वतःचंही. "आई, जरा सरकतेस?"

ग्लेनिस भिंतीपर्यंत सरकली.

कॅरिसनं तो डाव हळू करून दाखवला. पाय, खांदा, मग हात. हळू केल्यावर त्यात काहीच नव्हतं. खालच्या फळीवर डबा सरकवावा तसा हात गेला आणि जोडीच्या बर्फाच्या पिशवीला टेकला. "हां," जोडी म्हणाली. तिला कळलं होतं.

बाहेर टेरी दार वाजवत होता. ग्लेनिसनं पाठ दाराला लावून ते बंद धरलं आणि पोरीच्या पायांकडे बघत राहिली.