बापाची खुर्ची

आमच्या नोंगवाय गावच्या शाळेत दरवर्षी बापांसाठी खुर्च्या मांडतात, पण त्यातल्या निम्म्या खुर्च्यांवर बाप नसतोच. कुणाचा तैवानला कारखान्यात, कुणाचा कोरियात कोबीच्या शेतावर, कुणाचा बँकॉकमध्ये टॅक्सीवर. पाच डिसेंबर हा आमचा राष्ट्रीय दिन आणि त्याच दिवशी पितृदिन. जुन्या राजांचा तो वाढदिवस, म्हणून गावभर त्यांच्या रंगाचे पिवळे शर्ट दिसतात. पाचला सुट्टी असल्यामुळे शाळा आपला सोहळा चारलाच उरकून घेते. बाप खुर्चीवर बसतो. पोरगं गुडघ्यांवर सरकत येतं, पिवळ्या कर्दळीचं फूल त्याच्या हातात देतं आणि हात जोडून त्याच्या मांडीवर डोकं टेकतं. बाप डोक्यावर हात ठेवतो, आणि गावातले अट्टल दारुडेसुद्धा हमसून हमसून रडतात.

ज्यांचे बाप परमुलखात, त्यांच्या खुर्चीवर आजोबा, मामा, काका बसतात आणि मांडीवर फोन धरतात. फोनमध्ये बाप.

खामसिंगनं असा फोन सात-आठ वर्षं धरला. धाकटा भाऊ समाय तैवानला गेला तेव्हा त्याची पोरगी नुन चार वर्षांची होती. नुन म्हणजे आमच्याकडे सावरीचा कापूस, आणि पोर होतीही तशीच, फुंकर मारली तर उडेल अशी. तिची आई आधीच दुसरा संसार थाटून मोकळी झाली होती. खामसिंगची बायको लवकर गेली, पाठीमागे मूलबाळ नाही. समायनं पोरगी दादाच्या ओट्यावर ठेवली, म्हणाला, "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," आणि गेला. परदेशी गेलेल्या माणसाची दोन वर्षं किती लांबतात, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. पैसे मात्र तो चुकता पाठवत राहिला, त्याला नाव ठेवता येणार नाही.

वेण्या घालायला खामसिंग शिकला. तापात तिच्या उशाशी बसला. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा त्यानं घाबरून शेजारच्या बुआलाय मावशीला हाका मारल्या आणि स्वतः अंगणात म्हशीजवळ जाऊन उभा राहिला. आणि दर चार डिसेंबरला शाळेतल्या खुर्चीवर बसून त्यानं दोन्ही हातांनी फोन धरला, चित्र हलू नये म्हणून श्वास रोखून. पोरगी वाकायची तेव्हा तो वर छपराकडे बघायचा. डोकं त्याच्या मांडीवर यायचं खरं, पण नमस्कार समायचा होता. दुसऱ्याच्या नावची वस्तू आपल्या हातून जाते म्हणून माणसानं ती उघडून बघू नये, असा त्याचा सरळ हिशोब.

पण मन काही हिशोबानं चालत नाही. एकदा तरी, फक्त एकदा, मध्ये फोन नसताना तिनं आपल्यासाठी वाकावं आणि आपला मोकळा हात तिच्या डोक्यावर ठेवावा, एवढी एक आस त्याला लागून राहिली होती. हे तो कुणाला बोलला नाही. बोलला असता तर गावानं हसून हसून जीव घेतला असता.

या नोव्हेंबरात समाय परत आला. केस मागे हटलेले, अंगावर नवं जॅकेट, बरोबर नवी बायको. दूर रायोंगला कारखान्यात त्याला कायमची नोकरी मिळाली होती. दुसऱ्याच दिवशी जेवताना त्यानं विषय काढला.

"दादा, नुनला नेतो. तिकडच्या शाळेत बोलणं झालंय माझं."

"ने की. तुझीच पोरगी आहे."

"चारला शाळेचा कार्यक्रम करू आणि पाचला सकाळच्या बसनं निघू. इतकी वर्षं फोनमध्ये बसलो रे. एकदा खुर्चीवर बसतो."

"बस की," खामसिंग म्हणाला आणि चिकट भाताचा गोळा करत राहिला. तो गोळा काही त्याच्या तोंडापर्यंत गेला नाही.

बुआलाय मावशीच्या जिभेला हाड नाही. विकायच्या कोशिंबिरीसाठी कच्ची पपई उखळात कुटता कुटता ती रस्त्यावरच ओरडली, "काय खामसिंग, यंदा खुर्ची गेली म्हणे तुझी! गावच्या मुखियाचीसुद्धा इतकी वर्षं टिकत नाही!"

"गेली तर गेली. बूड दुखायचं नाहीतरी त्या खुर्चीवर."

"बूड दुखायचं होय?" मावशीनं मुसळ थांबवलं. त्याच्या तोंडाकडे तिनं नीट पाहिलं आणि पुढची चेष्टा गिळून टाकली. "पपई नेतोस का? पैसे नकोत."

तीन तारखेला संध्याकाळी नुन मागच्या कुंपणाजवळ कर्दळीची फुलं निवडत होती. दोन तोडलीस तर बघ, असं खामसिंग म्हणायच्या आतच तिनं दोन तोडली.

"दुसरं कुणाला?"

"तुला. आधी बाबांना वाकते, मग तुला. तूही बस बाजूच्या खुर्चीवर."

जे मागायची खामसिंगची छाती झाली नव्हती ते पोर स्वतःहून हातात ठेवत होती. आणि त्या खुळ्यानं काय करावं? त्यानं ते परत केलं.

"नाही हं नुन. सगळ्या गावासमोर तू मला वाकलीस तर तुझ्या बापाचं तोंड केवढंसं होईल? इतक्या वर्षांनी आलाय तो."

"मग इतकी वर्षं मी कुणाच्या मांडीवर डोकं ठेवत होते?"

"फोनवर."

"फोनला गुडघे असतात?"

"तोंड चालवू नकोस. माझ्यापुढे वाकायचं नाही म्हणजे नाही. मी तुझा बाप नाही."

असं तो तिला कधी बोलला नव्हता. नुननं ते दुसरं फूल कुंपणापलीकडे म्हशींच्या डबक्यात भिरकावलं. मग खामसिंगच जरा मऊ आवाजात म्हणाला, "उद्या थोडी रड. त्याला बरं वाटेल."

"सांगून रडू येतं का?"

"येतं. लोकांना येतं."

"मग तू समोर उभा राहा," ती म्हणाली. "तू दिसलास की येईल."

दुसऱ्या दिवशी तो समोरच होता. समायनं स्वतःचा नवाकोरा फोन त्याच्या हातात दिला होता, "दादा, व्हिडिओ काढ, नीट काढ," म्हणून. समाय खुर्चीवर बसला, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. कधी गुडघ्यांवर, कधी छातीशी. त्याची अवस्था बघून खामसिंगला त्याचा राग येईना, हीच खरी पंचाईत होती. शाळेच्या लम्दुआन बाई माइकवरून बापाच्या उपकारांबद्दल सांगत होत्या.

नुन गुडघ्यांवर सरकत आली. फूल दिलं. वाकली.

छपराकडे बघत राहिल्यामुळे जे खामसिंगला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं ते आज दिसलं. वाकण्याआधी ती डोळे मिटते. उजवा कान मांडीला लागेल अशी मान किंचित वळवते, आणि ओठांत काहीतरी पुटपुटते. दर वर्षी ती हेच करत असणार, त्याच्याच मांडीवर, आणि तो पत्र्याचे खिळे मोजत बसला होता. आज तिच्या गालाखाली समायची इस्त्रीची पॅंट होती. समायनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बैलासारखा हंबरून रडला. नुननं मान वर करून एकदा खामसिंगकडे पाहिलं, आणि तीही रडली. ठरल्याप्रमाणे. पोरगी शब्दाला पक्की.

"झकास आलाय व्हिडिओ, दादा," समाय नंतर नाक पुसत म्हणाला. "केवढी रडली रे माझ्यासाठी!"

"रडणारच. बाप तो बापच," खामसिंग म्हणाला. त्या रात्री तो जेवला नाही, पोट बिघडलंय असं सांगून त्यानं वेळ मारून नेली.

पाचला सकाळी जिल्ह्याच्या बसस्थानकावर पाय ठेवायला जागा नव्हती. राष्ट्रीय दिन म्हणून खांबाखांबाला झेंडे, पिवळ्या शर्टांची झुंबड, सुट्टीला आलेली आणि सुट्टीला निघालेली माणसं. रायोंगची बस आठला सुटणार होती. समाय आणि त्याची बायको सामान चढवून आत जागा धरून बसली होती. फलाटावर खामसिंग आणि नुन उरले होते.

खामसिंगनं काडीला लावून, अंडं फासून भाजलेले चिकट भाताचे गोळे तिच्या हातात दिले. "गरम आहेत तोवर खा."

"हं."

"तिकडे समुद्र आहे म्हणे. फार आत जाऊ नकोस."

"हं."

"नव्या आईला उलट बोलू नकोस. माझ्याशी बोलतेस तसं."

यावर ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. नुन वळली, बसच्या पायरीपाशी गेली आणि एक पाय पायरीवर ठेवला, तेवढ्यात आठ वाजले आणि भोंग्यावर राष्ट्रगीत सुरू झालं.

आमच्याकडे सकाळी आठला देशभर जो जिथे असेल तिथे उभा राहतो. पपईवाली मुसळ हातात घेऊन थांबते, हमाल पाठीवरच्या पोत्यासकट थांबतो. आणि खामसिंग तर या बाबतीत गावाला ठाऊक होता. तरुणपणी लष्कराच्या सोडतीत त्याची लाल चिठ्ठी, म्हणजे सक्तीची भरती, निघाली होती. तिथल्या हवालदारानं बांबूच्या छडीनं ताठ उभं राहणं त्याच्या हाडांत असं मुरवलं होतं, की शेतात म्हशीखेरीज बघणारं कुणी नसतानाही दूरचा भोंगा ऐकू आला की तो चिखलात खांबासारखा उभा राहायचा. आताही टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले, नजर समोरच्या झेंड्यावर गेली. त्यानं ठरवून काहीच केलं नाही.

अख्खं स्थानक थिजलं होतं. त्यात एक चपलांचा आवाज आला.

नुन पायरीवरून उतरली होती. स्तब्ध माणसांमधून ती चालत आली. वाटेत उभ्या पोलिसानं डोळे वटारले, तरी ती चालतच राहिली. खामसिंगसमोर आली आणि त्या तेलकट, थुंकीनं भरलेल्या फरशीवर गुडघे टेकून तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि मान वळवून त्याच्या पावलांवर डोकं ठेवलं.

हातात फूल नव्हतं. मध्ये कुणी नव्हतं. हा नमस्कार त्याचा होता, त्याच्या एकट्याचा.

तिच्या गालाची ऊब त्याला पायाच्या बोटांवर लागत होती. हात उचल, तो स्वतःला म्हणाला. ठेव तिच्या डोक्यावर. हात उचलेना. गाणं चालू होतं, झेंडा समोर होता, सगळं स्थानक बघत होतं, आणि हाडांतला तो हवालदार हात सोडत नव्हता. संपेल आता, त्याला वाटलं, दोनच ओळी राहिल्यात, संपलं की ठेवू. आयुष्यभर त्यानं सगळं असंच नंतर ठेवू म्हणत ठेवलं होतं.

नुन वाट बघत होती. डोकं तसंच ठेवून ती थांबली. मग तिनं मान वर केली. खामसिंगची नजर तिच्या डोक्यावरून पलीकडे, झेंड्यावर होती. माझ्यापुढे वाकायचं नाही, असं तो तिला परवाच बजावून बोलला होता. पोरीनं त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. तिचा चेहरा एवढासा झाला. ती उठली, गुडघे झटकले आणि मागे न बघता बसमध्ये चढली.

गाणं संपलं. क्षणात स्थानक पुन्हा वाहू लागलं, पोती, पिशव्या, पोरं, हाका, सगळं त्याच्या आणि बसच्या मध्ये आलं. "नुन!" तो ओरडला. "नुन, थांब गं, तसं नाही!" माणसांना कोपरानं ढकलत तो धावला. बस मागे सरली, वळली. तिची खिडकी पलीकडच्या बाजूला होती. फाटकापर्यंत तो बसच्या धुरात धावत गेला, आणि बस हमरस्त्याला लागली तेव्हा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. उजवा हात आता कुठे वर आला होता, तळवा खाली करून, लहान मुलाच्या डोक्याइतक्या उंचीवर.

फाटकाजवळ फळं विकणाऱ्या बाईला वाटलं, हा बसला हात दाखवतोय.

"गेली हो ती, दादा," ती म्हणाली. "उन्हात कशाला उभे राहता? पुढची संध्याकाळी आहे."