मुदत नसलेलं तिकीट

आमच्या मागच्या बाल्कनीतून थीम पार्कमधला सुरवंट दिसतो. सुरवंट हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. लाल डब्यांची लांबलचक माळ रुळांवरून कुरकुरत वर चढते, माथ्यावर जरा अडते आणि पलीकडे नाहीशी होते. मग किंकाळ्या आमच्यापर्यंत येऊन पोचतात. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हापासून हे असंच चाललंय. कुठून कुठून लोक बसगाड्या भरभरून ते पार्क बघायला येतात, पण आमच्या घरातलं एकही माणूस आजवर आत गेलेलं नाही. का, तर जवळच आहे. जवळच तर आहे, कधीही जाऊ.

या 'कधीही'शी मी लग्न केलंय. माझा नवरा औषधांच्या गोदामात कामाला आहे. मुदत संपत आलेली खोकी हुडकून वेळेत बाहेर काढणं हे त्याचं काम, आणि ते काम तो घरीही घेऊन येतो. बिस्किटाचा पुडा हातात दिला की आधी उलटा करून तारीख वाचणार. मागे एकदा टूथपेस्टच्या दोन ट्यूबांची मुदत संपत आली, तर पठ्ठ्याने आम्हाला दिवसातून तीनतीनदा दात घासायला लावले होते. वस्तू वाया गेली की त्याला रात्रभर झोप लागत नाही. दिवस वाया गेले की मात्र ढाराढूर झोपतो.

मी गाडी चालवायला शिकवते. माझ्या बाजूला एक जादा ब्रेक असतो, त्याच्यावर पाय ठेवून दिवस काढायचा, हा माझा धंदा. शिकणारे दोन प्रकारचे असतात. एक सुसाट सुटणारे. त्यांची मला भीती वाटत नाही, त्यांच्यासाठी ब्रेक आहे. दुसरे म्हणजे चौक रिकामा असताना थांबणारे. उजवीकडे बघतात, डावीकडे बघतात, परत उजवीकडे बघतात, तोवर खरंच कुणीतरी येतं आणि मग म्हणतात, बघा, बरं झालं थांबलो. अशांसाठी कुठल्याही गाडीत काही बसवलेलं नसतं. आणि तसलाच एक माझ्या घरी आहे.

तर एका शनिवारी सासूबाई बाल्कनीत मटार सोलत बसल्या होत्या. सोलता सोलता मान वर न करता म्हणाल्या, "मला एकदा त्या सुरवंटात बसायचंय."

सासूबाईंनी आपल्यासाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. चष्म्याची काडी मोडली तर दोरा गुंडाळून वापरतील, पण सांगणार नाहीत. म्हणून मी हातातलं काम टाकून बघतच राहिले. नवराही उठून बसला आणि म्हणाला, "अगं आई, जाऊ की! त्यात काय! जवळच तर आहे."

त्याने लगेच मोबाईल काढला आणि तिथेच घोडं अडलं. कारण पार्कची तिकिटं दोन प्रकारची निघाली. एक तारखेचं. दिवस ठरवायचा, त्याच दिवशी जायचं, नाही गेलात तर तिकीट फुकट. दुसरं मुदत नसलेलं. आज काढा, दहा वर्षांनी जा, म्हातारे होऊन जा, चालतं. फक्त किंमत जवळजवळ दीडपट.

'मुदत नाही' हे शब्द वाचून माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं, ते आमच्या लग्नातल्या एकाही फोटोत नाही.

"हेच घ्यायचं," तो म्हणाला. "डोक्याला ताप नाही. समजा त्या दिवशी पाऊस आला? समजा गोदामात माल उतरला? समजा आईला बरं नसलं?"

"समजा आपण गेलोच?" मी विचारलं.

"अगं, जाणारच आहोत. पण मोकळेपणाने."

"मोकळेपणाने आपण इतकी वर्षं जातच नाहीयोत की! त्याला तिकीट कशाला लागतंय?"

पण त्याच्या कानापर्यंत ते पोचलं नाही. त्याने ताईंना फोन लावला होता. ताई म्हणजे माझ्या नणंद, विमा कंपनीत आहेत. त्यांना काहीही विचारा, आधी जोखीम किती ते सांगतात. फोन स्पीकरवर होता. दोघं भावंडं तिकिटांचा कीस पाडत बसली. दर वर्षी किंमत वाढते, मग आज दीडपट दिलेले परवडतात का? कितव्या वर्षी परवडतात? वाटेत पार्कच बंद पडलं तर? मी भांडी लावली, कपडे वाळत घातले, परत आले तरी त्यांचं चऱ्हाट चालूच.

शेवटी ताई म्हणाल्या, "हे बघ, तुम्ही दोघांनी मुदत नसलेली घ्या. आईचं मात्र तारखेचंच काढ. तिच्यासाठी दीडपट घालण्यात काही..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. पण व्हायचं ते झालं होतं. बाल्कनीत मटारची शेंग मोडल्याचा आवाज आला आणि थांबला.

मग जे सुरू झालं ते सांगायची सोय नाही. ताई म्हणायला लागल्या, तसं नव्हे, मला म्हणायचं होतं की आईला लवकर जायचंय. म्हणजे पार्कमध्ये. माझा नवरा ओरडला, आईला सगळ्यात आधी मुदत नसलेलं! आई शंभर वर्षं जगणार आहे! ताई म्हणाल्या, शंभर का, त्याहून जास्त! दोघांची लिलावासारखी चढाओढ लागली. आई किती जगणार यावर बोली वाढत चालली होती, आणि जिच्यावर बोली लागली होती ती बाई पाच पावलांवर बसून मटार सोलत होती.

"अरे, मला शंभर वर्षं नकोत," सासूबाई आतल्या दिशेने म्हणाल्या. "मला एक दुपार हवी आहे."

कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

रविवारी काही ठरलं नाही. सोमवारी नवऱ्याला गोदामातल्या कुणीतरी सांगितलं की सुट्ट्या संपल्यावर सवलत लागते, म्हणून थांबायचं ठरलं. मंगळवारी कळलं की ज्येष्ठांना सवलत आहे, पण ती फक्त तारखेच्या तिकिटावर. झालं, पुन्हा ताईंना फोन. माझं डोकं इतकं फिरलं होतं की त्या दिवशी मी एका गरीब शिकाऊ माणसाला चौकात थांबल्याबद्दल झापलं. सिग्नल लाल होता.

बुधवारी सासूबाईंना गुडघ्यांच्या व्यायामासाठी घेऊन गेले. गेल्या वर्षी त्या आमचा जिना एका दमात उतरायच्या. आता दर वळणावर कठडा धरून उभ्या राहतात आणि मी बघतेय असं दिसलं की भिंतीवरचा रंग कसा उडालाय ते मला दाखवतात. व्यायाम करून घेणारी बाई स्पष्ट बोलणारी होती. त्यांचा गुडघा हातात धरून, वाकवून, सरळ करून म्हणाली, "आजी, कुठे पायऱ्या चढून जायचं मनात असेल तर आत्ताच जाऊन या. पुढच्या वर्षाचं मी सांगत नाही."

सासूबाई फक्त हसल्या. परत येताना गाडीत त्यांनी विचारलं, "सुरवंटाला पायऱ्या असतील का गं?"

"असतील," मी म्हणाले. "बऱ्याच असतील."

"हं," एवढंच म्हणून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

घरी येऊन मी नवऱ्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला. त्याने नीट ऐकलं, त्याचे डोळेही भरून आले, आणि मग तो माणूस काय म्हणाला? म्हणाला, "म्हणूनच तर मी म्हणतोय, मुदत नसलेलं घेऊ. आधी गुडघा बरा होऊ दे. मग निवांत जाऊ."

मी कपाळावर हात मारून घेतला. तो वाईट माणूस नाही, हेच माझं दुखणं आहे. वाईट असता तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. हा आईचे पाय चेपून देतो, तिच्या गोळ्या वेळेवर देतो, आणि तिला हवी ती एक गोष्ट सोडून बाकी सगळं करतो. मी त्या रात्री त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

शुक्रवारी सकाळी तो कामाला गेला. मी गाडीची किल्ली घेऊन निघणार, तर सासूबाई दारात उभ्या. पायात बूट, खांद्याला पर्स, केस चापूनचोपून बसवलेले.

"तुझ्या गाडीला दोन ब्रेक असतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो. का?"

"मग मला भीती नाही. चल."

मी सकाळच्या सगळ्या शिकवण्या रद्द केल्या. एकाला सांगितलं, गाडी बिघडली. दुसऱ्याला खरं सांगितलं, तर तो म्हणाला, मॅडम, मजा करा. पार्कपर्यंत जायला एक गाणं संपेल इतका वेळसुद्धा लागला नाही. इतकं जवळ! मला रस्ताभर संताप येत होता, आणि कुणावर ते धड ठरवता येत नव्हतं. कारण जवळच तर आहे, हे मीही म्हणत आले होते.

तिकिटांच्या खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिने हसून विचारलं, "किती आणि कुठली?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. "दोन आजची," त्या म्हणाल्या. "एक माझं, एक हिचं. आणि एक ते मुदत नसलेलं."

"ते कुणाला?" मी विचारलं.

"त्याला."

आठवडाभर गिळलेलं सगळं माझ्या तोंडातून बाहेर पडलं. "आई, त्याला कशाला? दीडपट पैसे देऊन? तो येणार आहे का कधी? कपाटात पडून राहील ते तिकीट!"

"येईल," सासूबाई म्हणाल्या. "मी असताना नाही येणार. मी गेल्यावर येईल." त्या हे पोस्टात स्टँप मागावा तसं म्हणाल्या. "त्याचे बाबा त्याला तळ्यावर चल म्हणून म्हणून थकले. दर रविवारी म्हणायचे. हा म्हणायचा, येतो, पुढच्या रविवारी. आता कुठे असतो रविवारी?"

रविवारी सकाळी तो तळ्यावर असतो. एकटाच बाकावर बसतो आणि उन्हं चढली की घरी येतो. सासरे गेल्यापासून त्याने एक रविवार चुकवलेला नाही. मला वाटायचं, त्याला तळं आवडतं.

"त्याला वेळ लागतो गं," सासूबाई पर्समधून पैसे काढत म्हणाल्या. "मग त्याला तारखेचं देऊन कसं चालेल?"

खिडकीतली मुलगी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. आमच्या मागे रांग वाढत होती. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"तीन द्या," मी म्हणाले. "तिन्ही आजची."

"अगं पण..."

"तिन्ही आजची, आई."

सासूबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग पैसे माझ्या हातात ठेवले आणि बाजूला झाल्या.

सुरवंटाखाली पोचल्यावर त्यांना कठड्याला टेकवून उभं केलं आणि नवऱ्याला फोन लावला. मागे खोकी सरकवल्याचा आवाज येत होता.

"आम्ही पार्कमध्ये आहोत," मी सांगितलं. "तुझं तिकीट काढलंय. आजचं आहे. संध्याकाळी फुकट जाईल."

"आजचं?" तो ओरडला. "अगं, मुदत नसलेलं का नाही घेतलंस? मी म्हणत होतो ना!"

"आई तुझ्यासाठी तेच घेत होत्या."

"मग? बघ, आईला कळतं."

"का घेत होत्या, विचार."

"का?"

आणि मी सांगितलं. तळं, बाक, रविवार, सगळं. जसं त्या बोलल्या तसंच. एक शब्द मऊ केला नाही. खोक्यांचा आवाज बंद झाला. मला वाटलं फोन कटला, म्हणून कानापासून दूर धरून पाहिला. चालू होता. मग खूप लांबून, कुणा दुसऱ्याशी बोलल्यासारखा त्याचा आवाज आला, "बाकीचा माल तुम्ही बघा. मी निघतोय." आणि मग मला, अगदी हळू, "तिला थांबव. मी येतोय. जवळच आहे."

मी वळले. सासूबाई कठड्यापाशी नव्हत्या. त्या सुरवंटाच्या पायऱ्यांशी पोचल्या होत्या, एक हात लोखंडी दांडीवर.

"आई, तो येतोय!" मी हाक मारली. "थांबा जरा, म्हणाला."

त्यांनी ऐकलं. वर पाहिलं, पायऱ्या कुठवर जातात ते नजरेने मोजलं, आणि मी जवळ पोचताच पर्स माझ्याकडे दिली.

"येऊ दे. त्याच्याबरोबर परत बसू," त्या म्हणाल्या आणि पहिली पायरी चढल्या.