आईच्या जागी रेस्टी

"रात्रभर ढोल ऐकले, चटईवर बसले, सगळ्यांच्या गळ्यात पडून रडले," नामुली म्हणाली. "आता अजून काय ते सांगा, तेही करीन. पण रेस्टीला आई म्हणणार नाही."

येको मामा ओसरीच्या पायरीवर उभे राहून झाडाच्या सालीचं तांबूस वस्त्र झटकत होते. त्यांनी मान वर केली नाही. "नको म्हणूस," ते म्हणाले. "तू म्हटलं नाहीस म्हणून ती व्हायची थोडीच थांबणार आहे?"

बाई गेली की तिची जागा तिच्या माहेरच्या कुळातल्या मुलीला मिळते. पोटची लेक बापाच्या कुळाची, तिला ती मिळत नाही. नामुलीला हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण कधीतरी आपल्या दारात हे घडेल असं तिला वाटलं नव्हतं. सुतक संपवून मृत्यूला घराबाहेर काढायचा दिवस आज उजाडला होता, आणि दुपारच्या आत तिच्या आईची, एसेझाची जागा येको मामांच्या मुलीला, रेस्टीला मिळणार होती. बावीस वर्षांची रेस्टी मसाकाच्या बसस्टँडमागे केसांच्या वेण्या घालायचं दुकान चालवायची. आत्ता ती दाराआड च्युइंगम चघळत उभी होती आणि जांभळ्या नखांना चिकटलेलं काहीतरी खरवडत होती.

हिला आई म्हणायचं. नामुली तिथून निघून परसात गेली.

परसात हिरव्या केळ्यांचे घड पडले होते आणि बायका गोल करून केळी सोलत होत्या. नामुली एका कोपऱ्यात बसली. शेजारी गॉरेट होती. सेवा क्लबातून आईच्या वाट्याला आलेल्या मुलांपैकी ही एक, आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती सालाबरोबर निम्मं केळं कापत होती.

"एवढं जाड साल कुणी शिकवलं?" नामुलीने विचारलं. तिला चांगलं ठाऊक होतं कुणी शिकवलं. आई अशीच सोलायची.

गॉरेटने पुढचं केळं उचललं.

नामुलीला या मुलांची नावं पाठ होती, आणि एकही नाव तिला सहन होत नव्हतं. आईचे शनिवार नाबुगाबो सेवा क्लबाचे होते. क्लबातला प्रत्येक जण एखाद्या गरजू मुलाचा पालक व्हायचा, आई एका वेळी चौघांची व्हायची. शनिवारी घरात कुणीतरी परक्या मुलीचा अर्ज भरत असे, कुणाला मुलाखतीला बसायचं कसं ते आई शिकवत असे. नामुली तेव्हा बोर्डिंगात होती. पालकांच्या भेटीचा दिवस शनिवारी आला की आई येत नसे, शेजारच्या बाई डबा घेऊन येत. "तुझी आई कामात आहे गं," त्या म्हणत. डब्यातली कोंबडी आईनेच रांधलेली असे. त्याने राग कमी होत नसे, उलट वाढायचा.

"ताई," गॉरेट हळूच म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"मुलुंबा साहेब म्हणतात, माईकवर दोन मिनिटं बोल. मी नाही म्हटलं तर चालेल का?"

मुलुंबा क्लबाचे अध्यक्ष, आणि आईने हाती घेतलेल्या मुलांतला पहिला. रस्त्याची कंत्राटं घेणारा, अंगाने भरलेला, आवाजाने त्याहून भरलेला माणूस.

"दोन मिनिटांनी काय होतंय? आईने केलं ते चांगलंच केलं ना तुझ्यासाठी? बोल."

"पहिल्यापासून सांग म्हणतात. काहीच गाळू नकोस, म्हणतात. बाहेरचे पाहुणे आलेत, त्यांना कळायला पाहिजे." तिची नजर अंगणात गेली. तिथे लाल चड्डीतलं एक पाचेक वर्षांचं पोर काठीने सायकलची रिंग पळवत होतं.

"तो तुझा भाऊ ना?" नामुलीने विचारलं.

"भाऊ," गॉरेट म्हणाली. सुरी थांबली होती. "घरी सगळे भाऊच म्हणतात. गावही. तोही मला ताईच म्हणतो."

नामुलीने मुलाकडे पाहिलं, मग या मुलीकडे. कपाळ तेच होतं. शाळेत असतानाच झालं असणार. कुणाकडून, ते तिने विचारलं नाही.

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"माझ्या आईला. आणि तुमच्या. शाळेत परत घ्यावं म्हणून क्लबाच्या कमिटीला सांगावं लागलं, तेव्हा मुलुंबा साहेबांनाही कळलं. तुमच्या आईंनी त्यांना बायबलवर हात ठेवायला लावला होता. कुणाला सांगणार नाही म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं त्यांना. तर म्हणाले, जिच्यापाशी शपथ घेतली ती बाई आता नाही, मग शपथ कुणाची राहिली?"

नामुली उठली. हातातलं केळं तिने कुठे टाकलं ते तिलाही कळलं नाही.

मुलुंबा मांडवात माईकची वायर तपासून घेत होते. मागे क्लबाचा निळा झेंडा लावला होता, टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर क्लबाची पितळी घंटा होती. ही घंटा वाजवल्याशिवाय त्यांची बैठक सुरू होत नसे आणि संपतही नसे. पुढच्या रांगेत तिघे गोरे पाहुणे टोप्या सावरत बसले होते.

"या, नामुलीताई! बघा, आईच्या नावाने काय थाट केलाय."

"गॉरेट बोलणार नाही."

"घाबरलीय पोर. पहिल्यांदा सगळेच घाबरतात. मी नव्हतो घाबरलो? चपलाही नव्हत्या माझ्या पायात. तुमच्या आईने मला उभं केलं."

"माईकसमोर नाही केलं. आईने एकाही मुलाला तुमच्या माईकसमोर उभं केलं नाही."

"तो त्यांचा मोठेपणा."

"मोठेपणा नव्हता, मुलुंबा. भांडण होतं. दर वर्षी, तुमच्याशी."

ते हसले. शेजारी उभा असलेला क्लबाचा सचिवही हसला, कारण अध्यक्ष हसले होते. "ताई, रागवू नका हं," मुलुंबा आवाज उतरवून म्हणाले, "पण तुम्ही किती शनिवार पाहिलेत इथे? आम्ही पाहिलेत. तुम्ही कंपालात राहणाऱ्या. तुम्ही लेक आहात, तुमचा मान आहेच. पण क्लबाच्या कामात तुमचं काय चालणार? आम्हीच तिची मुलं. आम्ही ठरवू तिची आठवण कशी काढायची."

या माणसाच्या तोंडावर घंटा मारावी असं तिला वाटलं. तिने हात मागे बांधले. त्याच वेळी मांडवाबाहेर ढोल सुरू झाले आणि लोक दाराकडे सरकू लागले.

रेस्टीला ओसरीवर उभी केली होती. अंगावर सालीचं वस्त्र, एका हातात टोपली, दुसऱ्यात सुरी, घरच्या बाईची खूण म्हणून. च्युइंगम अजून गालात होतं. येको मामांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"ही एसेझा," ते मोठ्याने म्हणाले. "एसेझा गेली नाही, इथे उभी आहे. ज्याचं तिच्याकडे काही होतं, ते हिच्याकडे आहे. ज्यांची ती आई होती, त्यांची ही आई आहे. मुलांनो, या, आईला भेटा."

पहिली नामुली. सगळे थांबले. ती पुढे गेली, रेस्टीच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तोंड न उघडता बाजूला होऊन चटईच्या कडेला बसली. बायकांमध्ये कुजबूज झाली. "शिकलेली आहे ना," कुणीतरी म्हणालं. रेस्टीने खाली पाहिलं आणि टोपली छातीशी घेतली.

आणि घंटा वाजली.

ढोलावरचे हात जागीच थांबले. या दारात आजच्या दिवशी ढोलाशिवाय दुसरं काही वाजत नाही, पण मुलुंबा घंटा हातात धरूनच पुढे आले होते, जणू क्लबाचा पदग्रहण समारंभ चालला होता. गळ्यात अध्यक्षपदाची साखळी होती. सचिव माईक घेऊन मागे. मामांनी अडवायला हात उचलला, पण पुढे पाहुणे होते म्हणून तो खाली घेतला.

"मित्रहो," मुलुंबा म्हणाले, "एसेझा ही क्लबाची आई. आणि मी तिचा पहिला मुलगा!" ते रेस्टीपुढे अर्धवट वाकले आणि तसेच थांबले, फोटो होईपर्यंत. "आई!" टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी जरा जास्त वाजवल्या. "आता या आईने काय काय केलं ते तुम्ही माझ्याकडून नको, तिच्या मुलीकडूनच ऐका. गॉरेट, ये बेटा. लाजायचं नाही. पहिल्यापासून सांगायचं."

गॉरेट परसाच्या कोपऱ्यावर उभी होती. ती चार पावलं आली आणि थांबली. गर्दीत तिच्या आईने लाल चड्डीतल्या पोराला दंडाला धरून मागे ओढलं. पोर ओरडलं, "मला बघू दे ना, ताई बोलणार आहे!"

मुलुंबांनी माईक पुढे केला. "मीच सुरुवात करून देतो हिची," ते हसून म्हणाले. "ही मुलगी नववीत होती..."

नामुली उठली. पुढे काय करणार हे तिला ठाऊक नव्हतं. फक्त एक वाक्य डोक्यात घुमत होतं, शपथ कुणाची राहिली. ते वाक्य आणि मामांचं वाक्य, एसेझा गेली नाही, इथे उभी आहे. ओसरीपर्यंत सहा-सात पावलं असतील. ती रेस्टीसमोर गेली आणि तिने गुडघे टेकले. खाली खडी होती. खडी टोचली ते बरंच झालं.

"आई," ती म्हणाली.

एक म्हातारी "अगं बाई" म्हणाली. रेस्टीचं चघळणं थांबलं.

"आई, तुझा थोरला मुलगा तुला न विचारता तुझ्या दारात बोलतोय," नामुली म्हणाली. "त्याने तुझ्यासमोर बायबलवर हात ठेवला होता. तुझ्या एका मुलाबद्दल तोंड उघडणार नाही म्हणून. आज तो म्हणतो, जिच्यापाशी शपथ घेतली ती आता नाही. तू नाहीस का, आई? त्याला शपथ मोडायला तू सांगितलंस का?"

रेस्टीने नामुलीकडे पाहिलं. मग गॉरेटकडे पाहिलं. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं, आणि तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. च्युइंगम गिळलं.

"मी नाही सांगितलं," ती म्हणाली.

"हे बघा, रेस्टी," मुलुंबा पुढे होत म्हणाले, "हा क्लबाचा..."

"आईला नावाने हाक मारतोस?" मघाची म्हातारी कडाडली. "मेल्या, आत्ता तिच्यापुढे वाकला होतास ना!"

लोक हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. मुलुंबांच्या कपाळावर घाम आला.

"मुलुंबा," रेस्टी म्हणाली, आणि आता तिचा आवाज दुकानात गिऱ्हाइकांशी घासाघीस करणाऱ्या बाईचा होता, "मी तुझी आई आहे का नाही? सगळ्यांदेखत सांग. आहे तर खाली बस. नाही, तर माझ्या दारात तुझं काय काम?"

"आहे... म्हणजे..."

"मग बस. आणि ती घंटा ठेव. माझ्या घरात माझ्या मुलीबद्दल कुणी बोलणार नाही. ती स्वतःही नाही, तिला नको असेल तर. गॉरेट, जा, केळी सोल."

मुलुंबा चटईवर बसले. एवढ्या मोठ्या माणसाला मांडी घालायला वेळ लागला, आणि तोवर कुणी त्यांच्यावरून नजर काढली नाही. येको मामांनी ढोलवाल्याला हात केला. पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

दुपारी परसात रेस्टी नामुलीशेजारी येऊन टेकली. सालीचं वस्त्र अजून अंगावर होतं, कपाळावरून घाम ओघळत होता. पलीकडे गॉरेट मान खाली घालून सोलत होती. पोर तिच्या पाठीवर रेलून रिंग कुणी पळवली याची तक्रार सांगत होतं.

"कसली शपथ होती?" रेस्टी कुजबुजली. "मला तरी सांगणार का?"

"नाही."

"बरं." तिने टोपली नीट ठेवली. "च्युइंगमच गिळलं मी. तू मला आई म्हणालीस तेव्हा."

"एकदाच म्हटलंय. पुन्हा नाही म्हणणार."

"नको म्हणूस." रेस्टीने कपाळ पुसलं. "शनिवारी काय करतेस तू?"

नामुलीने मान वर केली. "का?"

"मुलं येणार ना आता. चौघं आहेत म्हणे आत्याची. क्लब नाही बघणार, आजनंतर तर नाहीच. आणि माझ्याकडे शनिवारी श्वास घ्यायला फुरसत नसते, लग्नाच्या वेण्या असतात."

"माझ्या शनिवारांबद्दल कुणी बोलायचं नाही," नामुली म्हणाली. तिला वाटलं होतं राग मघाशी संपला असेल, पण तो सगळाच्या सगळा जागेवर होता, डब्यातल्या कोंबडीसकट. "आयुष्यभर तिने माझे शनिवार या पोरांना दिले. आता माझे उरलेलेही? कुणी विचारलं मला? तेव्हा नाही विचारलं, आताही नाही."

गॉरेटची सुरी थांबली होती. ती ऐकत होती आणि ऐकत नसल्यासारखं करत होती.

"मी मागत नाहीये," रेस्टी शांतपणे म्हणाली. "आई म्हणून सांगतेय. सगळ्यांदेखत तूच म्हणालीस."

नामुली तिच्याकडे बघत राहिली. जांभळी नखं, ओठाच्या कडेला शेंगदाण्याची आमटी. मघाशी खडीवर टेकलेले गुडघे आता दुखायला लागले होते.

रेस्टीने दारात मिळालेली सुरी तिच्यापुढे धरली. "हे घे. मला सोलता येत नाही, नखं तुटतात."

नामुलीने सुरी हिसकावूनच घेतली. एक केळं उचललं आणि जोर लावून सोललं. साल निघालं ते जाड निघालं, निम्मं केळं घेऊन.